अणूच्या गाभ्याचे माप



“सर, अणूच्या आत फूटपट्टी कोणी लावली?” असे नववीच्या वर्गात एका मुलाने मला विचारले. वर्ग हसला, परंतु प्रश्न हसण्यासारखा नव्हता. त्याचे उत्तर म्हणजे एक इतिहासच आहे.

सोन्याच्या पातळ पत्र्यावर सोडलेले काही अल्फा कण उलट फिरले. त्यावरून १९११ साली मँचेस्टर येथे अर्नेस्ट रदरफोर्ड यांनी अणूला सूक्ष्म, जड गाभा असल्याचे दाखविले. पुढे अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी इलेक्ट्रॉनांचा मारा करून अनेक गाभ्यांचे आकार मोजले. त्याबद्दल त्यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. गाभ्यातील कण आठपट झाले की त्रिज्या साधारण दुप्पट होते, हा नियम पक्का झाला.

परंतु ही मापे टिकाऊ गाभ्यांची होती. लिथियम-११ च्या गाभ्यात ३ प्रोटॉन व तब्बल ८ न्यूट्रॉन असतात. त्याचे अर्धायुष्य सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी! तो मोजावा कसा? १९८५ साली इसाओ तानिहाता व त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्कली येथे असे वेगवान गाभेच कार्बनसारख्या पदार्थांवर सोडले आणि किती गाभे न फुटता पार जातात ते मोजले. दाट आमराईत चेंडू फेकून पाहा. चेंडू जितका मोठा, तितका तो खोडांवर अधिक वेळा आपटेल. हेच तत्त्व येथे होते.

लिथियम-९ पेक्षा लिथियम-११ ची त्रिज्या नियमाप्रमाणे सुमारे ७ टक्के जास्त हवी होती. ती सुमारे ३० टक्के जास्त भरली. हॅन्सन आणि यॉन्सन यांनी १९८७ साली त्याचा उलगडा केला. शेवटचे दोन न्यूट्रॉन सैल बांधलेले असून, चंद्राभोवती खळे पडावे तसे ते गाभ्याभोवती दूरवर पसरलेले असतात.

मित्रांनो, प्रयोगवहीत आपले उत्तर पुस्तकाशी जुळले नाही की आपण काय करतो? आकडा खोडतो आणि पुस्तकातला लिहितो. बर्कलीच्या संशोधकांनी तसे केले असते, तर हे खळे त्यांच्या हातून निसटले असते. तेव्हा न जुळणारा आकडा आधी पुन्हा तपासा. तरीही तोच आला, तर निर्भयपणे लिहा. आणि पालकहो, मुलाने “कोणी मोजले?” असे विचारले, तर कृपा करून त्याला गप्प बसवू नका.