हबशी योद्ध्याची ढाल

आफ्रिकेतील पारंपरिक शस्त्रे म्हटली की डोळ्यांसमोर झुलू योद्धा उभा राहतो : एका हाती गाईच्या कातड्याची लांबट ढाल, दुसऱ्या हाती आखूड दांड्याचा, रुंद पात्याचा भाला. 22 जानेवारी 1879 रोजी इसांडलवाना येथे झुलूंनी प्रामुख्याने याच शस्त्रांनिशी बंदूकधारी इंग्रज फौजेचा पराभव केला. मराठवाड्याच्या शिवेवरील कनेरगाव नाक्याहून पाहता हे सारे फार दूरचे वाटते. परंतु आफ्रिकी योद्ध्याच्या शोधार्थ आपणांस मराठवाड्याबाहेर जाण्याचे कारण नाही.

मलिक अंबर मूळचा हबशाणातला, म्हणजे इथिओपियातला. तेथील शोटेल ही तलवार विळ्यासारखी वळलेली असे. प्रतिस्पर्ध्याच्या ढालीला वळसा घालून मागील देह गाठणे, हे त्या वळणाचे प्रयोजन. ढाल गोल, जाड कातड्याची. पण अंबर दख्खनेत आला तो गुलाम म्हणून, बगदादेत विकला गेल्यानंतर. मायभूमीची शस्त्रे गुलामाबरोबर येत नाहीत. निजामशाहीत त्याच्या हाती आली ती दख्खनी ढाल : तीही गोल, कातड्याचीच, दर्शनी चार फुले, आत मुठीसाठी गादी.

मग त्याचे सामर्थ्य शस्त्रांत शोधावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. हलके मराठा घोडदळ बाळगणे, समोरासमोरची गाठ टाळणे, शत्रूची रसद तोडणे, हे त्याचे खरे शस्त्र. 1624 साली भातवडीस त्याने तलावाचे पाणी शत्रूच्या छावणीवर सोडले आणि मोगल व आदिलशाही फौजांचा मोड केला. शहाजीराजे या लढाईत त्याच्या बाजूने होते; परमानंदाच्या 'शिवभारता'त तिचे वर्णन आहे.

अबुल हसनच्या सुमारे 1616 च्या चित्रात जहांगीर बादशहा भाल्यावर खोचलेले अंबरचे शिर बाणाने वेधताना दिसतो. प्रत्यक्षात ते शिर मोगलांच्या हाती कधीच लागले नाही. 1626 साली वृद्ध अंबर आपल्याच मुलखात निवर्तला. त्याची कबर खुलताबादेस आहे.

साहित्याच्या अभ्यासकाने येथे थबकावे. शस्त्र कोणाच्या हाती आहे, याइतकेच ते कोणी रेखाटले, हेही विचारावयास हवे. दरबारी चित्रकाराने अंबरला केवळ शिर म्हणून उरविले. त्याने 1610 साली वसविलेली खडकी मात्र आज छत्रपती संभाजीनगर या नावाने नांदते आहे.