हाती शेअर, विकला हक्क : ‘कव्हर्ड कॉल’ फंडांची पूर्वपीठिका

१/ दरमहा उत्पन्न देऊ करणारे ‘कव्हर्ड कॉल’ फंड आज अमेरिकेत निवृत्तांचे लाडके झाले आहेत. त्यांची जाहिरात नव्या शोधासारखी होते. मुळातला सौदा मात्र शतकानुशतके जुना आहे.

२/ १६८८ साली ॲमस्टरडॅममध्ये जोसेफ द ला वेगा याने शेअरबाजारावर स्पॅनिश भाषेत एक संवादग्रंथ लिहिला. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या शेअरवरील ऑप्शनचे व्यवहार त्यात आले आहेत. थोडी रक्कम आज द्यावी आणि ठरल्या भावाने पुढे शेअर घेण्याचा हक्क मिळवावा, असा तो प्रकार.

३/ आपल्या मुंबईलाही हे अपरिचित नव्हते. कापूसबाजारातले ‘तेजी-मंदी’चे सौदे याच कुळातले. त्यांना जुगार मानून १९३९ मध्ये मुंबई सरकारने कापसातील ऑप्शनवर बंदी घातली. पुढे १९५६ च्या कायद्याने शेअरमधील ऑप्शनही निषिद्ध ठरले. ती बंदी १९९५ मध्ये उठली आणि २००१ मध्ये आपल्याकडे ऑप्शनची अधिकृत उलाढाल सुरू झाली.

४/ आता विकणाऱ्याची बाजू पाहू. जमिनीचा विसार डोळ्यांपुढे आणा. भाव आज ठरला, विसार हाती पडला, मुदत महिन्याची. घेणारा आला नाही तर विसार आपला आणि जमीनही आपली. मधल्या काळात गावाशेजारून महामार्ग जाहीर झाला, तर मात्र वाढीव भाव त्याचा. आणि जमिनीची किंमत कोसळली, तर ती कोसळलेली जमीन आपल्याच पदरी! विसाराच्या जागी ‘प्रीमियम’ आणि जमिनीच्या जागी शेअर ठेवा. झाला कव्हर्ड कॉल.

५/ या व्यवहाराला शिस्त आली ती २६ एप्रिल १९७३ रोजी. त्या दिवशी शिकागोत ऑप्शनची स्वतंत्र बाजारपेठ उघडली. आरंभी केवळ १६ कंपन्यांचे शेअर आणि केवळ कॉल. पुट आले १९७७ मध्ये. ऑप्शनच्या किमतीचे गणित मांडणारा ब्लॅक आणि शोल्स यांचा निबंधही १९७३ चाच.

६/ २००२ मध्ये याच बाजारपेठेने ‘बीएक्सएम’ हा निर्देशांक प्रसिद्ध केला : एस अँड पी ५०० चे शेअर बाळगायचे आणि दरमहा त्यावर कॉल विकायचा. रॉबर्ट व्हेली यांनी १९८८ ते २००१ ची आकडेवारी तपासली. परतावा बाजाराच्या जवळपास, चढउतार सुमारे दोन-तृतीयांश! फंडवाल्यांना याहून गोड वार्ता कोणती?

७/ पुढचा इतिहास तितका गोड नाही. २००८ मध्ये बाजार ३७ टक्के पडला, बीएक्सएम सुमारे २९. प्रीमियमने घाव सौम्य केला, टाळला नाही. २०१३ मध्ये बाजाराने लाभांशासह ३२ टक्के दिले, बीएक्सएमने सुमारे १३.

८/ सर्वांत बोलके वर्ष २०२०. बाजार कोसळत असताना घसरणीचा बहुतेक भार शेअरधारकाने सोसला. नवा कॉल विकण्याचा दिवस आला २० मार्च, म्हणजे तळाच्या अगदी अलीकडचा शुक्रवार. प्रीमियम घसघशीत मिळाला, परंतु वरची मर्यादा त्या पडलेल्या भावालाच बांधली गेली. एप्रिलमध्ये बाजार उसळला तो इतरांसाठी. वर्षअखेर एस अँड पी १८ टक्क्यांहून अधिक वर; बीएक्सएम पावणेतीन टक्के तोट्यात.

९/ म्हणून ‘उत्पन्न’ हा शब्द मला इथे फसवा वाटतो. लाभांश कंपनीच्या नफ्यातून येतो. प्रीमियम हा उद्याच्या वाढीची आज घेतलेली किंमत असतो. बाजार रेंगाळत असेल तर ही विक्री शहाणपणाची. घरखर्चाला दरमहा रोकड हवी असलेल्या वृद्धाला तिचा आधारही खरा. पण मासिक वाटप चालू आणि मूळ रक्कम मात्र झिजते आहे, हे वीस वर्षे पुढे जगायचे असलेल्याने जरूर तपासावे. पंचविशीतल्या गुंतवणूकदाराने वाढ विकावीच कशाला?

१०/ भारतात सेबीने जानेवारी २०१९ मध्ये म्युच्युअल फंडांना कव्हर्ड कॉलची मुभा दिली, तीही निफ्टी ५० आणि सेन्सेक्समधील शेअरपुरती. विकलेल्या कॉलचे मूल्य योजनेतील एकूण शेअरच्या १५ टक्क्यांपलीकडे नेता येणार नाही, अशी अट तिने सोबतच घातली.