'वूच' कुठे सापडतं? चुका समजून घेणाऱ्या शोधयंत्राची गोष्ट

आज एका शहराच्या नावापासून सुरुवात करू. पोलंडमध्ये एक मोठं शहर आहे, एके काळचं कापडगिरण्यांचं. पोलिश माणूस त्याला 'वूच' म्हणतो. रोमन लिपीत त्याची अक्षरं चारच: एल, ओ, डी, झेड. पण त्यातल्या तिघांवर खुणा आहेत. एलवर तिरकी रेघ, म्हणून त्याचा 'व' होतो. ओवर फराटा, म्हणून 'ऊ'. झेडवरही तसाच फराटा. खुणा गाळल्या की आपण सरळ 'लॉड्झ' वाचतो.

आता १९६५ सालाकडे येऊ. रशियन गणिती लेव्हेनश्टाइन यांनी दोन शब्दांमधलं अंतर मोजायची एक पद्धत मांडली. एका शब्दाचा दुसरा करायला किती अक्षरं घालावी, काढावी किंवा बदलावी लागतात, ते मोजायचं. चुकीच्या स्पेलिंगचा शोध घेणारी बहुतेक यंत्रं आजही या मोजपट्टीवर उभी आहेत. ती वूचला लावून पाहा. खुणांसह आणि खुणांविना, अंतर येतं ३. चार अक्षरांपैकी तीन वेगळी! ल्युसीन हे प्रसिद्ध शोध-सॉफ्टवेअर अशा शोधात जास्तीत जास्त २ बदल चालवून घेतं, म्हणजे नुसत्या या मार्गानं वूच सापडणारच नाही. उलट पोलिशमध्ये 'वास्का' म्हणजे कृपा आणि 'लास्का' म्हणजे काठी. फरक फक्त एलवरच्या रेघेचा, अंतर १. संगणकाच्या हिशेबात कृपा आणि काठी शेजारी, आणि वूचला वूचच परकं!

चूक कुठून आली हे मोजपट्टीला कळत नाही, अडचण इथे आहे. पोलिशमधल्या काही चुका कानाच्या आहेत. फराट्याचा ओ आणि साधा यू यांचा उच्चार आज एकच. 'समुद्र' आणि 'कदाचित' हे दोन्ही शब्द 'मोझे' असेच ऐकू येतात, लिहायचे मात्र वेगळे. आपल्या श-ष आणि ऱ्हस्व-दीर्घासारखंच हे दुखणं. कातोवित्से इथे १९८७ पासून शुद्धलेखनाची राष्ट्रीय स्पर्धा भरते, यावरून तिथला जाच लक्षात यावा.

दुसऱ्या चुका यंत्रांच्या. १९८०च्या दशकात पोलिश अक्षरांसाठी 'माझोव्हिया' नावाची संकेतावली होती, मग आयएसओची आली, विंडोजची तिसरीच. एकीतला मजकूर दुसरीत उघडला की चिन्हांचा गोंधळ. मग लोकांनी खुणाच सोडून दिल्या. एसएमएसमध्ये तर खुणा महाग पडत: १६० अक्षरांचा संदेश युनिकोडमध्ये ७० अक्षरांवर येई.

आणि तिसऱ्या चुका स्थलांतराच्या. अमेरिकेत १९१८ साली रसेल यांना 'साउंडेक्स'चं पेटंट मिळालं: आडनाव उच्चारानुसार एका अक्षरात आणि तीन आकड्यांत बसवायचं. १९३०च्या दशकात जुन्या जनगणनांच्या सूची याच पद्धतीनं केल्या गेल्या. पण हे कान इंग्रजी. मॉस्कोविट्झ हे आडनाव डब्ल्यूनं लिहिलं तर एक संकेत, व्हीनं लिहिलं तर दुसरा. ज्यांचे नातेवाईक होलोकॉस्टमध्ये नाहीसे झाले, त्यांच्यासाठी हा फरक म्हणजे माणूस सापडणं किंवा न सापडणं. १९८५ साली गॅरी मोकोटॉफ हे पॅलेस्टाइनमध्ये १९२१ ते १९४८ या काळात कायद्यानं नाव बदललेल्या सुमारे २८,००० लोकांची सूची करत होते. त्यांनी आणि रँडी डेच यांनी साउंडेक्सला स्लाव्ह आणि जर्मन कान दिले. संकेत सहा आकडी केला, पहिलं अक्षरही आकड्यात घेतलं, आणि ज्या जोडाक्षराचे दोन उच्चार संभवतात त्याला दोन संकेत दिले. हे शेवटचं आम्हाला फार शहाणपणाचं वाटतं. एकच उत्तर काढायचा हट्ट त्यांनी धरला नाही.

म्हणून पोलिश शोधयंत्र बांधायचं तर प्रत्येक शब्द निदान दोनदा नोंदवावा लागतो, खुणांसह आणि खुणांविना. इथेही एक खाच आहे. युनिकोडमध्ये बहुतेक खुणा अक्षरापासून सुट्या करता येतात, पण एलची रेघ सुटत नाही. ती वेगळी सांगावी लागते. न सांगितल्यास वूच पुन्हा हरवतं. शिवाय सात विभक्ती! क्राकूफ शहर, पण 'क्राकूफमध्ये' म्हणताना 'क्राकोव्ह्ये'. मग यादीत बरहुकूम जुळणारं वर, कानाची चूक त्याखाली, बाकीचं त्यानंतर. खाली ढकला, पण वगळू नका.

अक्षरांची कितीही सूट दिली तरी काही गोष्टी निसटतात. १९४० साली जर्मनांनी वूचचं नाव बदलून 'लिट्झमनश्टाट' केलं. त्या काळच्या कागदांत तेच नाव आहे, आणि तिथे कुठलाही उच्चार-संकेत उपयोगी नाही. दोन्ही नावं एकाच गावाची, हे कुणीतरी हातानं भरावं लागतं.

आणि हे सगळं फार दूरचं नाही. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक स्त्रिया आणि मुलं. इंग्रजी टाइपरायटरवर ना तिरकी रेघ, ना फराटा. त्यात पोलिश आडनावाला लिंग असतं: वडील कोवाल्स्की, मुलगी कोवाल्स्का. आज कुणी नात आपल्या आजीचं नाव शोधायला बसली, तर यातलं कुठलंच रूप चूक नाही, तरी शोधयंत्रानं ते दोघं एकाच घरातले धरले पाहिजेत.