देवगिरीचीं पोतीं

आपल्या शहरापासून वायव्येस चार-पांच कोसांवर देवगिरीचा किल्ला उभा आहे. १२९६ सालीं अल्लाउद्दीन खिलजी एकाएकीं चालून आला, तेव्हां रामदेवराय यादवानें किल्ल्याचे दरवाजे लावून घेतले. किल्ला बळकट होता. वेढा कांहीं दिवस सहज सोसतां आला असता. परंतु घाईघाईनें वर चढविलेलीं पोतीं फोडून पाहिलीं, तों त्यांत धान्याऐवजीं मीठ निघालें, अशी कथा जुन्या इतिहासकारांनीं लिहून ठेविली आहे. तिचा खरेखोटेपणा मी पंडितांवर सोपवितों. मला ती आठवली ती निराळ्याच कारणानें.

गेल्या सत्तर-ऐशीं वर्षांत आपणहि एक कोठार भरून ठेविलें आहे. पेनिसिलिन व त्याच्या मागून आलेलीं प्रतिजैविक औषधें हें तें कोठार. त्याच्या भरंवशावर आपण पोट उघडून शस्त्रक्रिया करतों, कर्करोगाच्या रोग्याला कडक औषधें देतों, अपुऱ्या दिवसांचें मूल कांचेच्या पेटींत ठेवून जगवितों. मात्र ऐन वेढ्याच्या वेळीं पोतें फोडावें आणि आंत मीठ निघावें, असे प्रसंग रुग्णालयांत आतां दररोज घडूं लागले आहेत. २०१९ या एका वर्षांत आपल्या देशांत सुमारें २,९७,००० माणसें अशीं दगावलीं कीं, त्यांचे जंतु औषधाला दाद देते तर तीं वांचलीं असतीं, असा संशोधकांचा अंदाज आहे. ज्यांच्या मृत्यूशीं अशा जंतूंचा कांहींना कांहीं संबंध आला, त्यांचा आंकडा १० लाखांच्या वर जातो. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजाप्रमाणें नवजात अर्भकेंच वर्षाला ५८,००० च्या आसपास यामुळें जातात. हा आंकडा वाचून मी पुस्तक मिटून ठेविलें होतें, हें कबूल केलें पाहिजे.

पेनिसिलिनपूर्वींच्या काळाची आठवण असणारीं माणसें आतां फारशीं उरलेलीं नाहींत. त्या काळीं पायांत कांटा मोडून पिकलेल्या जखमेनें धडधाकट माणूस आठवड्यांत जाई. बाळंतीण न धुतलेल्या हातांमुळें तापून दगावे. आणि न्युमोनियांत सातव्या किंवा नवव्या दिवशीं ताप उतरतो कीं माणूस जातो, याची वाट पाहणें एवढेंच डॉक्टरच्या हातीं असे. १९२८ सालीं लंडनमध्यें अलेक्झांडर फ्लेमिंग यांना बुरशीचा गुण दिसला. १९४१ सालीं ऑक्सफर्ड येथें फ्लोरी, चेन व त्यांचे सहकारी यांनीं तें औषध एका पोलीस शिपायाला टोंचलें. तो उठून बसला, जेवूं लागला. त्याच्या लघवींतून औषध गाळून काढून पुन्हां त्यालाच देण्यांत आलें. तेंहि संपलें, आणि तो गेला.

आपल्याकडे या औषधाचें पीठ झालें तें पिंपरीला. १९५४ च्या मार्च महिन्यांत हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स ही सरकारी संस्था स्थापन झाली, आणि जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्यानें १९५५ सालीं तेथें पेनिसिलिन तयार होऊं लागलें. पिंपरी हें तेव्हां पुण्याबाहेरचें एक खेडें होतें. तेथेंच थिरुमलाचार यांनीं मातींतील एका सूक्ष्म जीवापासून बुरशीजन्य रोगांवरील एक नवें प्रतिजैविक काढलें, आणि १९६१ सालीं जगापुढें मांडलें. औषधाला संस्थेच्या आद्याक्षरांवरून ‘हॅमायसिन’ असें नांव मिळालें आणि त्या जीवाच्या शास्त्रीय नांवांत पिंपरी गांव कायमचें जाऊन बसलें. हल्लीं एखाद्या नव्या औषधाला ‘देशांतील पहिलें स्वदेशी प्रतिजैविक’ म्हणून गौरविलें जातें, तेव्हां या पिंपरीकरांचें स्मरण कोणी करीत नाहीं, याचें मला वाईट वाटतें.

धोक्याची सूचना अगोदर मिळाली नव्हती असें मुळींच नाहीं. पेनिसिलिन फोडून टाकणारा रस कांहीं जंतु तयार करतात, हें ऑक्सफर्डच्याच मंडळींनीं १९४० सालीं, म्हणजे त्या शिपायाला टोंचण्यापूर्वींच, छापलें होतें. फ्लेमिंग यांनीं १९४५ सालीं नोबेल पारितोषिक घेतांना सांगितलें कीं, हें औषध दुकानांत कोणालाहि मिळूं लागेल, अडाणी माणूस तें अपुरें घेईल, आणि न मरतील इतक्याच मात्रेनें जंतूंना तालीम देईल. मेथिसिलिन हें नवें औषध १९५९ सालीं बाजारांत आलें. त्याला न जुमानणारे जंतु इंग्लंडांत १९६१ सालीं नोंदले गेले. पुढचा सगळा इतिहास हा याच शर्यतीचा आहे. फरक एवढाच कीं, प्रारंभीं दर दोन-चार वर्षांनीं नवें औषध निघे. १९८० नंतर तो झराच आटला.

महाराष्ट्रानें हा प्रकार उघड्या डोळ्यांनीं पाहिला तो मुंबईंत. मार्च २०१० मध्यें हिंदुजा रुग्णालयांतील डॉक्टरांनीं एक लहानसा निबंध प्रसिद्ध केला. कार्बापेनेम नांवाचीं, शेवटचा उपाय म्हणून राखून ठेविलेलीं औषधें निकामी करणारे २४ नमुने त्यांनीं तपासले, त्यांतील २२ मध्यें एकच नवी जनुक सांपडली. तिचें नांव दिल्लीवरून ठेविलेलें होतें. कारण ती प्रथम सांपडली तो स्वीडनमधील रुग्ण पूर्वीं दिल्लीच्या रुग्णालयांत राहून गेला होता. पुढें ऑगस्टमध्यें ‘लॅन्सेट’नें हीच गोष्ट जगापुढें मांडली तेव्हां मोठाच गदारोळ उठला. राजधानीचें नांव रोगाला दिलें हा देशाचा अपमान आहे, परदेशांतून येणाऱ्या रोग्यांना घाबरविण्याचा हा डाव आहे, असें म्हटलें गेलें. नांव ठेवण्यांत अविचार झाला, हें मीहि म्हणेन. पण राग नांवावर खर्च झाला, आणि जनुक शांतपणें एका जंतूकडून दुसऱ्याकडे जात राहिली. शेजारणीनें शेजारणीला विरजण द्यावें तशी ती देतां-घेतां येते.

लगेच पुढच्या वर्षीं, डिसेंबर २०११ मध्यें, त्याच रुग्णालयांतील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांचे सहकारी यांनीं चार क्षयरोग्यांची हकीगत प्रसिद्ध केली. तपासलेल्या एकाहि औषधानें त्यांचे जंतु मरत नव्हते. ‘संपूर्ण दाद न देणारा क्षय’ हा शब्दप्रयोग सरकारला मान्य झाला नाहीं. तरी एक चांगलें झालें: मे २०१२ पासून प्रत्येक क्षयरोग्याची नोंद सरकारकडे करणें खासगी डॉक्टरांवरहि बंधनकारक झालें.

दोष केवळ रोग्याचा किंवा डॉक्टरचा नाहीं. १९५६ पर्यंत आपला मराठवाडा ज्या हैदराबादच्या राज्यांत होता, त्याच हैदराबादजवळ पाटणचेरू येथें औषधांचे पुष्कळ कारखाने आहेत. स्वीडनच्या संशोधकांनीं २००७ सालीं तेथील सांडपाणी शुद्ध करून सोडणाऱ्या केंद्राचें पाणी तपासलें, तों उपचार चालू असलेल्या माणसाच्या रक्तांत असतें त्याहून अधिक सिप्रोफ्लॉक्सॅसिन त्या पाण्यांत निघालें. त्या भागाचे ओढे मांजरा नदीला मिळतात. आपल्या बीड जिल्ह्यांत उगम पावलेली ही तीच मांजरा. कोंबड्यांच्या खाद्यांत कोलिस्टिन मिसळण्यावर बंदी आली ती २०१९ सालीं. आणि कोलिस्टिन म्हणजे रुग्णालयांतील अगदीं शेवटचें पोतें. कडक प्रतिजैविकांच्या विक्रीची वेगळी वही ठेवून तींत डॉक्टरचें व रोग्याचें नांव लिहावें, असा नियम १ मार्च २०१४ पासून अंमलांत आहे. ती वही किती ठिकाणीं प्रामाणिकपणें भरली जाते, हें आपण आपल्या गल्लींतल्या औषधाच्या दुकानांत पांच मिनिटें उभें राहून पाहावें. सर्दी ही विषाणूनें होते, तिच्यावर यांपैकीं एकहि गोळी चालत नाहीं. तरी ‘परवां दिली होती तीच द्या’ असें म्हणणारा सुशिक्षित गृहस्थ मीं अनेकदां पाहिला आहे, आणि एकदां तो मीच होतों.

परिणाम मोजलेलेच आहेत. वैद्यकीय संशोधन परिषदेच्या जाळ्यांतील रुग्णालयांत ‘ई. कोलाय’ या नेहमींच्या जंतूचे इमिपेनेमनें मरणारे नमुने २०१७ सालीं शंभरांत सुमारें ८१ होते, ते २०२३ सालीं ६२-६३ वर आले. ‘क्लेब्सिएला’चे तर ३५-३६ च उरले.

आतां आपल्या शहराकडे वळूं. विमानतळ ज्या चिकलठाण्याला आहे तेथेंच वॉकहार्ट या उद्योगाचें संशोधन केंद्र आहे. जगांतल्या मोठमोठ्या कंपन्यांनीं, नफा नाहीं म्हणून, प्रतिजैविकांचा नाद सोडला त्या काळांत या केंद्रानें तो धरून ठेविला. याच उद्योगाच्या वाळूज व चिकलठाणा येथील कारखान्यांच्या मालावर अमेरिकेच्या औषध प्रशासनानें २०१३ सालीं आयातबंदी घातली होती, हेंहि इतिहास सांगतांना वगळूं नये. परंतु संशोधन चालूच राहिलें. मेथिसिलिनला न जुमानणाऱ्या जंतूंवरचें लेवोनॅडिफ्लॉक्सॅसिन २०२० सालीं आपल्या बाजारांत आलें. न्युमोनियावरील नॅफिथ्रोमायसिनचा प्रकाशन-समारंभ नोव्हेंबर २०२४ मध्यें दिल्लीस झाला. त्यामागें सुमारें १४ वर्षांचें काम होतें.

तिसरें औषध मला सर्वांत मनोरंजक वाटतें. जंतूभोंवतीं तट असतो, आणि तो बांधणारे गवंडी आंत सतत राबत असतात. पेनिसिलिनच्या कुळांतील औषधें या गवंड्यांचे हात बांधतात. तट ढासळतो, जंतु मरतो. दिल्लीच्या नांवाची जनुक जी कातरी बनविते, ती हे औषध गवंड्यापर्यंत पोंचण्यापूर्वींच तोडून टाकते. चिकलठाण्याच्या शास्त्रज्ञांनीं सेफेपिम या जुन्या औषधाला झिडेबॅक्टमची जोड दिली. ही जोड त्या कातरीला सांपडत नाहीं. ती दुसऱ्याच गवंड्याला धरते. मग पहिल्यापर्यंत सेफेपिम थोडेंसेंच पोंचलें तरी तट उभा राहत नाहीं. ५३० रुग्णांवर त्याची आंतरराष्ट्रीय चाचणी झालेली आहे.

तरी या तीन नांवांनीं कोठार भरलें असें समजणें धाडसाचें होईल. पोतें फोडून पाहण्याची सोय मात्र आपल्याकडे आहे, आणि ती नवीहि नाहीं. रक्ताचा, लघवीचा किंवा पुवाचा नमुना प्रयोगशाळेंत वाढवून त्यावर एकेक औषध लावून पाहतात. तिला ‘कल्चर’ म्हणतात. उत्तर यायला दोन-तीन दिवस लागतात, आणि रोग बळावलेला असेल तर डॉक्टरला तोंवर अंदाजानेंच औषध निवडावें लागतें. नमुना घ्यावयाचा तो पहिली गोळी घेण्यापूर्वीं. दुकानांतून आणलेल्या चार गोळ्या पोटांत गेल्यावर घेतलेल्या नमुन्यांत जंतु पुष्कळदां उगवतच नाहींत, आणि कागदावर ‘वाढ नाहीं’ एवढेंच लिहून येतें.