नीलवंत (राणी पाकोळी)

पॅपिलिओनिडी कुळातले मोठे फुलपाखरू. इंग्रजी नाव ब्ल्यू मॉर्मन, शास्त्रीय नाव पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर. महाराष्ट्राने २०१५ साली त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारे हे देशातले पहिले राज्य.

त्याचे खरे घर म्हणजे सह्याद्रीतली भरपूर पावसाची जंगले. दक्षिण भारतात आणि श्रीलंकेतही ते आढळते. मुंबईच्या बागांतही येते. पंख पसरले की १२ ते १५ सेंटीमीटर भरतात. रंग मखमली काळा, त्यावर फिकट निळे पट्टे. मागच्या पंखांच्या निळ्यात काळे ठिपके. पंख मिटले की बुडाशी तांबडे ठिपके दिसतात. शेपटी नसते. मादी नरापेक्षा फिकी. उडणे वेगवान, म्हणून नर ओढ्याकाठच्या ओल्या मातीतले क्षार शोषायला बसतात तीच पाहण्याची उत्तम वेळ.

मादी माकडलिंबू, किरमिरा आणि लिंबाच्या जातीच्या इतर झाडांच्या पानांवर एकेक अंडे घालते. कोवळी अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, त्यामुळे पक्षी फसतात. वाढल्यावर ती पानासारखी हिरवी होते. तिला काडीने हलकेच डिवचले की डोक्यामागून दुभंगलेले ओलसर शिंग बाहेर येते, उग्र वास सुटतो आणि शिंग पुन्हा आत जाते. कोष फांदीला रेशमी धाग्याच्या कमरपट्ट्याने बांधलेला असतो.

याउलट बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातील चकलांबा परिसर कमी पावसाचा. सदाहरित जंगल इथे नाही. पण या तालुक्यात मोसंबीच्या बागा आहेत आणि लिंबूवर्गीय झाडांवर नीलवंताचा सख्खा भाऊबंद, लिंबू फुलपाखरू, वाढतो. काळ्या पंखांवर पिवळसर ठिपके, शेपटी नाही; अळीचे सोंगही तेच आणि शिंगही तसेच. त्यामुळे नीलवंताचे बालपण समजून घ्यायला सह्याद्रीतल्या आंबोलीलाच जायला हवे असे नाही. परसातला कढीपत्ताही पुरतो.

रोपवाटिकेत आणि लहान झाडांवर लिंबू फुलपाखराची अळी पाने फस्त करते. तिथे बंदोबस्त करावाच लागतो. मोठ्या, जोमदार झाडावर मात्र चार अळ्यांनी काही बिघडत नाही. अशा झाडावर फवारणी करण्याआधी बागायतदारांनी एक अळी कोषापर्यंत वाढू द्यावी आणि घरातल्या मुलांना ती दाखवावी.