स्वस्त बंदुकीचा हिशेब

चकमकी पिस्तुलाचे सुटे भाग विकत घ्यावे, तें घरीं जुळवावें आणि मग नेम मारून पाहावा, असा एक छंद परदेशांत, विशेषतः अमेरिकेंत, आहे. नळी, दस्ता, घोडा, चाप असे सर्व भाग एका पेटींत मिळतात. घेणाऱ्यापुढें प्रश्न राहतो तो एवढाच कीं, थोडक्या पैशांत कोणतें पिस्तूल पत्करावें? आपल्याकडे १९५९ च्या शस्त्रकायद्याप्रमाणें परवान्यावांचून असें हत्यार बनवितां येत नाहीं. तेव्हां हा छंद आम्हांस परकाच. परंतु त्यामागील प्रश्न मात्र परका नाहीं. परवडेल असें हत्यार कोणतें, तें कोणाकडून करवून घ्यावें आणि मोडल्यास कोणी नीट करावें, हा हिशेब मराठ्यांच्या दौलतीपुढेंही होता. आणि त्याची किंमत पुढें फार मोठी पडली.

त्या काळीं निवड मुख्यतः दोन बंदुकांमधून करावयाची असे. पहिली तोड्याची. तिच्यांत जळता तोडा एका वांकड्या पट्टीच्या टोकास अडकविलेला असे. चाप ओढला कीं तो खालीं येऊन कानावरील रंजक पेटवी. हिची रचना इतकी साधी कीं, गांवचा लोहारही ती दुरुस्त करी. पण तोडा सारखा पेटता ठेवावा लागे, पावसांत तो विझे, रात्रीं त्याचा निखारा शत्रूस दिसे आणि जवळच्या दारूस ठिणगीचें भय राही. दुसरी बंदूक चकमकीची. ती सतराव्या शतकाच्या आरंभीं फ्रान्समध्यें पूर्णत्वास आली. हिच्या घोड्याच्या जबड्यांत गार बसविलेली असते. चाप ओढतांच ती पोलादी पत्र्यावर घासून आपटते, ठिणग्या उडतात आणि त्याच झटक्यानें रंजकावरील झांकण उघडतें. अशी बंदूक लवकर भरतां येते व शिपायांस खांद्याला खांदा लावून उभें राहतां येतें. मात्र तिचा सारा जीव घोड्याच्या कमानींत आहे. कमान मऊ राहिली तर ठिणगी पडत नाहीं, फाजील कडक झाली तर ती तुटते. पाणी नेमकें देणारा कारागीर प्रत्येक गांवीं कोठून असणार?

शस्त्रांच्या बाबतींत टोपीकरांचा धडा करवीर प्रांतास लवकरच मिळाला होता. १६६० त सिद्दी जौहरानें पन्हाळ्यास वेढा दिला, तेव्हां राजापूरच्या इंग्रजांनीं त्यास तोफगोळ्यांची मदत केली. पुढल्याच वर्षीं शिवाजीमहाराजांनीं राजापूरची वखार लुटून त्याचा जाब घेतला. रामचंद्रपंत अमात्यांनीं आपल्या ‘आज्ञापत्रां’त टोपीकरांचें बळ कशांत आहे हें ओळखून त्यांत आरमाराबरोबर तोफा व दारूगोळा यांची गणना केली आहे. दारूचें कोठार वस्तीपासून दूर असावें, दारू वरचेवर बाहेर काढून तीस ऊन द्यावें, इतक्या बारीक गोष्टींचीही त्यांस आठवण होती. हत्यार विकत घेणें हा खर्चाचा केवळ आरंभ होय, हें या मुत्सद्द्यास पुरतें कळलें होतें.

मग चकमकीची बंदूक आमच्या हातीं आलीच नाहीं काय? तसें नाहीं. बुसीच्या हाताखालीं तयार झालेला इब्राहिमखान गारदी कवायती पायदळ घेऊन १७६१ त पानिपतास मराठ्यांच्या बाजूनें लढला. टिपूच्या कारखान्यांतील चकमकी बंदुका व पिस्तुलें आजही संग्रहालयांतून पाहावयास मिळतात. महादजी शिंद्यांनीं द बॉयन यास चाकरीस ठेविलें आणि आग्र्यास सँगस्टर नांवाच्या स्कॉच गृहस्थाच्या देखरेखीखालीं कारखाना चालविला. तेथील बंदूक सुमारें १० रुपयांस पडे, अशी नोंद इतिहासकार देतात. तेव्हां ‘आमच्या कारागिरांस तें साधलेंच नसतें’ हा आक्षेप टिकत नाहीं.

इंग्रज महागडीं हत्यारें वापरीत म्हणून जिंकले, असेंही नव्हे. कंपनीनें आपल्या हिंदुस्थानी फौजेसाठीं जी बंदूक पसंत केली, ती उलट स्वस्तच होती. राजाच्या पायदळाची नळी ४२ इंची, तर हिची ३९ इंची; कलाकुसरही कमी. १७९३ त फ्रान्सशीं युद्ध जुंपलें, तेव्हां विलायत सरकारनें कंपनीच्या ह्याच बंदुका विकत घेतल्या आणि पुढें तोच नमुना आपल्या फौजेसाठीं लाखोंनीं बनविला. मोठेपणा बंदुकीच्या किमतींत नव्हता. सर्वांचा नमुना एक, गोळीचें माप एक आणि कवायत एक, यांत होता.

येथेंच आमचा हिशेब चुकला, असें आम्हांस वाटतें. शिलेदार घोडा व हत्यार पदरचें आणी. अरब शिबंदी आपापल्या लांब तोड्याच्या बंदुका घेऊन चाकरीस राही. ज्यास हत्यार स्वतःच्या पैशानें घ्यावयाचें व स्वतःच नीट राखावयाचें, त्यानें तोड्याची बंदूक निवडली तर तो अडाणी कसा? त्याच्यापुरता तो शहाणाच होता. परंतु हजार माणसांचे हजार शहाणे हिशेब एकत्र केले म्हणजे दौलतीचा हिशेब होत नाहीं. तो दरबारानें करावयाचा असतो. जेथें तो केला, तेथेंही त्याची मदार थोड्या ठिकाणांवर होती: १८०३ च्या ऑक्टोबरांत आग्र्याचा किल्ला इंग्रजांनीं घेतला, त्याबरोबर कारखान्याचा आधारही गेला.

कोल्हापुरास याहून अडचणीची स्थिति आली. १८१२ च्या तहानें मालवण इंग्रजांकडे गेलें आणि समुद्रावरील आपलें दार करवीर राज्यानें गमाविलें. १८४४ त सामानगड, पन्हाळा इत्यादि किल्ल्यांवरील गडकरी उठले. त्यांचें धैर्य कोणी नाकारणार नाहीं. पण ज्याच्या पाठीशीं नव्या नमुन्याचा कारखाना नाहीं आणि दारूगोळ्याचा अखंड पुरवठा नाहीं, त्या धैर्यानें किती काळ टिकावें? त्याच वर्षाच्या डिसेंबरांत पन्हाळा पडला.

कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यांतील संग्रहालयांत जुनीं शस्त्रें पाहतांना आपले डोळे मुठीवरील नक्षीकडे जातात. वाचकांनीं जुनी बंदूक दिसली म्हणजे नक्षीबरोबर तिचा घोडा व कमानही निरखून पाहावी. आणि आमच्या तरुण अभ्यासकांनीं लढायांच्या बखरींइतक्याच आस्थेनें दारूखान्याचे, शिशाचे व लोहारांच्या मजुरीचे जमाखर्च दप्तरांतून वाचावे. पराक्रमाच्या कथा आपण पुष्कळ सांगितल्या. त्या पराक्रमास कोणीं काय पुरविलें व काय पुरविलें नाहीं, हें त्या रुक्ष कागदांवांचून कळावयाचें नाहीं.