हँडल फिरवलं, पण...

आई, तू हे वाचत असशील तर पहिला परिच्छेद सोडून दे. मी धडधाकट आहे, हातपाय जागच्या जागी आहेत.

झालं असं की माझ्या भाच्याने (तोच, जो इथे टेंपीला शिकतो आणि शनिवार-रविवारी जेवायला आमच्याकडे असतो) एक जुनी कावासाकी जेट स्की विकत घेतली. १९८९ सालची, म्हणजे वयाने त्याच्यापेक्षा बरीच मोठी. तारकर्लीला किंवा गोव्याला आपण ज्या पाहतो त्या बसून चालवायच्या, स्कूटरसारख्या. ही तशी नाही. ही उभं राहून चालवायची. सीटच नाही. मागे पाय ठेवायला एक उघडा ट्रे, पुढून बिजागरीवर वरखाली होणारा एक लांब दांडा आणि त्याच्या टोकाला हँडल. फिनिक्सजवळच्या लेक प्लेझंटवर आम्ही ती पाण्यात उतरवली आणि "मामा, तुम्ही आधी" असं म्हणून त्याने मला पुढे केलं. मी मेकॅनिकल इंजिनियर असल्याने मला सगळं कळतं असा घरच्यांचा समज आहे, आणि तो मी कधी खोडून काढलेला नाही. पाच-सहा वेळा पडलो, सातव्यांदा गुडघ्यावर टिकलो आणि बऱ्यापैकी वेगात निघालो. समोर एक सपाट बोट उभी होती. तिच्या कडेला एक लहान मुलगी पाण्यात पाय सोडून बसलेली. घाबरल्यावर माणूस जे करतो तेच मी केलं. थ्रॉटल सोडला आणि हँडल पूर्ण डावीकडे वळवलं.

जेट स्की सरळ गेली. हँडल डावीकडे, मी सरळ! मुलीच्या आईने तिला मागे ओढलं, मी स्वतःला उजवीकडे पाण्यात झोकून दिलं आणि रिकामी जेट स्की बोटीपासून हातभर अंतरावर येऊन थांबली. मी त्या बाईंची चार वेळा माफी मागितली. त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

परत येताना गाडीत भाच्याचं एकच पालुपद. "मामा, स्टिअरिंग जुनं झालंय. नवी केबल टाकू, क्विक स्टिअरिंगची प्लेट टाकू, मग बघा कशी वळते." मला मात्र वेगळाच प्रश्न पडला होता. जिथे वळण्याची सगळ्यात जास्त गरज, नेमकी तिथेच न वळणारी वस्तू कुणी आणि का बनवली असेल? पुढचे दोन आठवडे रात्री तेच वाचत बसलो.

गोष्ट सुरू होते न्यूझीलंडमध्ये. कँटरबरी भागातल्या नद्या रुंद, उथळ आणि गोट्यांनी भरलेल्या. पंख्याची बोट तिथे टिकायची नाही, पंखा दगडावर आपटायचा. बिल हॅमिल्टन नावाच्या मेंढपाळ-कम-इंजिनियरने १९५० च्या दशकात यावर उपाय काढला. बोटीच्या पोटातल्या पंपाने खालून पाणी ओढायचं आणि मागून जोरात फेकायचं. सुरुवातीला ही धार पाण्याखाली सोडली जायची. त्याने ती पाण्याच्या पातळीच्या वर काढली आणि बोटीचा वेग लगेच वाढला. आणि सुकाणू? ते ठेवलंच नाही. खाली काही लोंबकळतच नको, मग सुकाणू तरी कशाला? ज्या नोझलमधून पाणी बाहेर पडतं ते नोझलच डावीकडे-उजवीकडे फिरवायचं. धार जिकडे, त्याच्या विरुद्ध दिशेला बोटीची शेपूट. १९६० साली या बोटी कोलोरॅडो नदीतून ग्रँड कॅन्यनमध्ये प्रवाहाविरुद्ध चढल्या. म्हणजे आमच्याच ॲरिझोनात!

माझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे. धार म्हणजेच सुकाणू, त्यामुळे धार बंद तर सुकाणूही बंद. ही चूक नाही, उथळ पाण्यासाठी जाणूनबुजून केलेला सौदा आहे.

हे तंत्र माणसाच्या पायाखाली आणलं क्लेटन जेकबसन यांनी. हे गृहस्थ मोटरसायकलच्या शर्यती करायचे आणि अर्थातच पडायचे. पडायचंच आहे तर मातीऐवजी पाण्यात पडावं, इतका साधा विचार. बँकेतली नोकरी सोडून ते याच्या मागे लागले आणि १९६५ पर्यंत त्यांचा पहिला नमुना चालू झाला होता. त्याचं हँडल उभं आणि पक्कं होतं, हलायचं नाही. पुढे त्याच्या जागी बिजागरीचा दांडा आला. मला विचाराल तर या यंत्राच्या इतिहासातला सगळ्यात मोठा शोध हा दांडाच. इंजिन नाही, पंप नाही, दांडा! पक्क्या हँडलवर माणूस भार टाकतो, रेलतो. वरखाली होणाऱ्या दांड्यावर रेलताच येत नाही. मग भार आपोआप पायांवर जातो आणि पाय जिकडे दाबतील तिकडे होडी कलते. कलली की तिची कड पाण्यात रुतते आणि वळण त्या कडेवर कापलं जातं. शिवाय पाण्यात पडलेल्या माणसाला दांडा खाली ओढून आडवं, मग गुडघ्यावर, मग उभं, असं टप्प्याटप्प्याने वर येता येतं.

मधल्या काळात कॅनडाच्या बोम्बार्डिए कंपनीने १९६८ मध्ये परवाना घेऊन बसून चालवायचं 'सी-डू' काढलं. ते फार चाललं नाही आणि दोनेक वर्षांत बंद झालं. (१९८८ मध्ये ते पुन्हा आलं आणि मग असं चाललं की विचारू नका.) जेकबसन कावासाकीकडे गेले आणि १९७३ मध्ये उभं राहून चालवायची पहिली जेट स्की बाजारात आली, ४०० सीसीची. 'जेट स्की' हे खरं तर कावासाकीच्या मालाचं नाव. आपण डालडा म्हणतो ना, तसं ते सगळ्यांना चिकटलं. आणि १९७७ च्या बाँडपटात जी आहे ती जेट स्की नव्हेच. ती वेटबाइक, वेगळंच वाहन. यावरून भाच्याशी पैज जिंकलो, एक डोसा.

त्या सुरुवातीच्या जेट स्कीची एक गोष्ट मला फार आवडली. चालवणारा पडला की इंजिन बंद पडत नसे. मंद गतीवर ती स्वतःभोवती गोल फिरत राही आणि मालक पोहत येऊन तिला पकडे. धन्याची वाट बघणाऱ्या बैलासारखी. नंतर मनगटाला बांधायची दोरी आली. माणूस पडला की दोरी सुटते आणि इंजिन बंद.

आता वळण सुधारण्याबद्दल. कोलोरॅडो नदीवरच्याच लेक हवासूला (जिथे लंडनचा जुना पूल दगड दगड सुटा करून आणून बसवला, तेच गाव) कित्येक वर्षं जेट स्कीच्या जागतिक शर्यती भरल्या. बोयांच्या मधून नागमोडी जायचं असल्याने तिथे नुसत्या वेगाचा उपयोग नव्हता, वळायला हवं होतं. जुन्या होड्या अरुंद आणि तळाला गुळगुळीत, जोरात वळल्या की शेपूट घसरायची. मग लोकांनी मागच्या बाजूंना पट्ट्यांसारखे स्पॉन्सन लावले, ते पाण्याला धरून ठेवतात. नाक धपाधप उड्या मारतं म्हणून पंपाखालची राइड प्लेट लांब केली. लाटेवरून उडताना पंपात हवा शिरते आणि तेवढ्या क्षणी ढकलही जातो, सुकाणूही जातं. म्हणून पाणी ओढायच्या तोंडावर अशी जाळी बसवली की जी पाणी ढकलल्यासारखं पंपात भरते. नोझल वरखाली करायची सोय आली. वळणात शिरताना नाक खाली, सरळ पट्ट्यात वर.

आणि भाच्याची ती प्लेट? हँडलच्या मुळाशी केबल जिथे अडकवतात तो बिंदू ती आसापासून लांब नेते. तेवढंच हँडल फिरवून केबल जास्त खेचली जाते, नोझल जास्त वळतं. हँडल थोडं जड होतं, एवढंच. आमच्याकडे मुळात केबलच ढिली होती आणि बुशिंग इतकं झिजलेलं की हँडल दोन बोटं फिरेपर्यंत नोझलला पत्ताच नसे. म्हणजे भाचा अगदीच चुकीचं बोलत नव्हता. पण मी त्याला कागदावर काढून दाखवलं. नोझल दहा अंश वळो की वीस, त्यातून पाणीच येत नसेल तर गुणिले शून्य.

हे शून्य फक्त माझ्या वाट्याला आलेलं नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने १९९८ मध्ये अशा सगळ्या छोट्या जेट-वाहनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मौजेच्या इतर बोटींवर माणसं मुख्यतः बुडून मरतात, इथे मात्र धडकून. नंतर बसायच्या वाहनांमध्ये थ्रॉटल सोडल्यावरही वळता यावं अशा सोयी आल्या. २००९ मध्ये सी-डूने चक्क ब्रेक आणला. उभ्या जेट स्कीचं वळणं मात्र आजही मुख्यतः पाय आणि धार यांवरच चालतं. धुराच्या नियमांपुढे दोन-स्ट्रोक इंजिनं मागे पडली, २०१७ ची कावासाकी चार-स्ट्रोक, १४९८ सीसीची आणि अडीचशे किलोची झाली. ती घसरत नाही म्हणतात. तिला उचलून ट्रेलरवर ठेवायला कोण येणार, हे कुणी सांगत नाही. जेकबसन २०२२ मध्ये गेले.

असो. केबल आणि बुशिंग आम्ही बदललं, दोन शनिवार गेले. प्लेटही टाकली, हो, हरलो मी. पण त्याआधी माझी एक अट होती. रिकाम्या खाडीत, आजूबाजूला चिटपाखरू नसताना, एक रिकामा डबा पाण्यावर तरंगत सोडायचा, सरळ त्याच्यावर जायचं आणि शेवटच्या क्षणी थ्रॉटल दाबून वळायचं. सोडून नाही, दाबून. भाच्याला चौथ्या वेळी जमलं. माझा अंगठा अजून सुटतोच. काल अकरा वेळा गेलो, सात वेळा डब्याला धडकलो.